खुंटीवर राहिलेलं पान

भंगाराच्या त्या गोदामात महिनाअखेर म्हणजे मार, हे ठरलेलंच होतं. पगार दोन दिवस मागेपुढे व्हायचा, मार मात्र कधी चुकला नाही. आणि मार तरी कसा, सगळा अंदाजपंचे! महिनाभर केबलची भेंडोळी माणसांना सोलायला दिली जायची, सोललेलं तांबं परत काट्यावर यायचं, आणि तीस तारखेला कळायचं की पन्नास-साठ किलो तांबं गायब आहे. कुणी नेलं? वह्यांना विचारावं, तर वह्या आठ-आठ दिवस मागे. मग मालक बाकावरून उठायचे, बाह्या सरसावायचे आणि ज्याचं तोंड त्या दिवशी आवडलं नाही त्याला पुढे घ्यायचे. एकदा एका म्हाताऱ्या सोलणाऱ्याच्या तीन बरगड्या मोडल्या आणि आठवड्याने कळलं की चूक बेरजेतली होती. म्हातारा परत कामावर आला नाही.

वह्या लिहायला एक म्हातारे कारकून होते; ही गोष्ट ज्या बाईची, तिचे वडील. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं, पण एकच गोष्ट तीन-तीनदा लिहायची म्हणजे कुणाचाही पिट्ट्या पडेल. भेंडोळं काट्यावर चढलं की आधी सोलणाऱ्याला द्यायची चिठ्ठी लिहा. मग तेच वजन रोजकीर्दीत उतरवा. मग खातेवहीत त्या माणसाचं पान शोधा आणि तिथेही तेच लिहा. तांबं परत आलं की पुन्हा तीनदा. दिवसाला साठ-सत्तर नोंदी, त्यात एका जागी सोळाचे एकसष्ट झाले की बेरीज बोंबललीच. अशाच एका महिनाअखेरीला मालकांनी ती जाडजूड खातेवही दोन्ही हातांनी उचलली आणि बाईच्या वडिलांच्या कानशिलात घातली. रक्त आलं, पडदा फाटला, तो कान कायमचा गेला. तुम्ही म्हणाल, पोलिसात का गेले नाहीत? अहो, माल कुठून येतो हे जिथे कुणी विचारत नाही, तिथे पोलिसही काही विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बाई येऊन वडिलांच्या खुर्चीत बसली. तिशी उलटलेली, नवऱ्याला सोडून माहेरी राहिलेली, आणि डोकं इतकं तापलेलं की 'का आलीस' असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिचा धाकटा भाऊ तिथेच केबल सोलायचा. तो मात्र जवळ आला.

"ताई, घरी जा. हा नरक आहे."

"नरकातसुद्धा वह्या कुणीतरी नीट लिहायला हव्यातच की," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं.

तिसऱ्या आठवड्यात तिने फळी आणली. साधी प्लायवूडची फळी, डाव्या कडेला एकाखाली एक ठोकलेल्या खुंट्या. खातेवही तिने सरळ उसवली, पानं सुटी केली आणि सगळ्यांच्या कडेला भोकं पाडली. फळीवर सगळ्यात खाली रोजकीर्दीचं पान, त्यावर कार्बन, त्यावर त्या-त्या माणसाचं खात्याचं पान, त्यावर पुन्हा कार्बन, आणि सगळ्यात वर चिठ्ठी. खुंट्यांत असं अडकवायचं की तिन्हीकडची मोकळी ओळ बरोबर एकावर एक यावी. मग पेन दाबून एकदाच लिहायचं. झालं काम! चिठ्ठी फाडून सोलणाऱ्याच्या हातावर ठेवली की खालच्या दोन्ही नोंदी आपोआप झालेल्या. उतरवणं नाही, सोळाचे एकसष्ट नाहीत. नाव लिहायचंसुद्धा तिने बंद केलं. नाव खात्याच्या पानाच्या डोक्यावर आहेच, मग वेळ कशाला घालवा? पानावरचा माणसाचा नंबर तेवढा ओळीत टाकायचा.

आठ दिवस मागे असलेल्या वह्या त्या महिन्यापासून रोज संध्याकाळी पाचला बंद व्हायला लागल्या. मालक पहिल्यांदा बघायला आले तेव्हा दोन्ही वह्यांच्या बेरजा एकसारख्या बघून त्यांनी फळीवरून असा हात फिरवला, जसा कुणी नव्या गाडीवरून फिरवतो.

"दोन वह्या आणि एकच तोंड," ते म्हणाले. मालकांचा आवाज नेहमी मऊ असायचा. मारतानासुद्धा मऊच असायचा, हीच त्यांची भीती. "बाई, तू माझं डोकं शांत केलंस."

डोकं शांत झालं म्हणून हात थांबला असं नाही हं! हिशेब नेमका झाला, तशी शिक्षाही नेमकी झाली. मालकांनी दर लावला: दहा किलो तांब्यामागे एक बोट. हात काट्याच्या चौथऱ्यावर ठेवायचा आणि दोन किलोचं लोखंडी वजन वरून आणायचं. पाच महिन्यांत दोघांची बोटं गेली, आणि दोघंही खरेच चोर निघाले. बाकीच्यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही. माणसं तिला फळीबाई म्हणायला लागली, तेही मानाने. तीस तारखेला कुणाला तरी घाबरून उलटी व्हायची, ते बंद झालं. बाईला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोला? काट्यावर बोट मोडायचं तेव्हा ती तोंड फिरवून घ्यायची आणि स्वतःला सांगायची, चोरच होता ना तो.

एकट्या बोक्याने तिला कधी मान दिला नाही. बोका हा सात नंबरचा सोलणारा. घारे डोळे, आणि भेंडोळ्यांच्या ढिगावरून कितीही वेळा पडला तरी पायावरच उभा, म्हणून बोका. "कानामागून आली आणि तिखट झाली," तो तिला ऐकू जाईल असं म्हणायचा. मागच्या उन्हाळ्यात छपराखालच्या सावलीच्या जागेवरून त्याचं आणि धाकट्याचं जुंपलं होतं आणि बोक्याने पाइपने धाकट्याचे वरचे दोन दात पाडले होते. ते तुटके दात घरी आईने पाण्यात धुतले होते, का कुणास ठाऊक. बाई ते विसरली नव्हती.

तर त्या महिन्याच्या तीस तारखेला दुपारी बाईने बेरजा मारल्या आणि सात नंबरच्या पानाच्या तळाशी तिचं पेन थांबलं. पस्तीस किलोची घट. तिने पुन्हा बेरीज मारली. पस्तीसच. रोजकीर्द बघितली, तीही तेच सांगत होती. बाईला आनंद झाला. अगदी स्पष्ट सांगायचं तर छातीत गुदगुल्या झाल्या. आता बघते तुझा तोरा, असं मनात म्हणत ती ते पान घेऊन स्वतःच्या पायांनी मालकांकडे गेली, आणि चालत नाही, जवळजवळ धावत गेली.

मालकांनी तळाचा आकडा बघितला. वरच्या ओळी बघायची त्यांना आता सवयच राहिली नव्हती.

"शटर ओढा," ते म्हणाले.

बोका काही सहजासहजी हातात येणारा नव्हता. ज्याने पहिलं धरलं त्याच्या नाकावर त्याने कपाळ हाणलं, तसा तो माणूस तोंड धरून खाली बसला आणि बोटांच्या फटीतून रक्त गळायला लागलं. दुसऱ्याच्या नडगीवर पाइप बसला. वजन करणारा काटेवाला मागून कमरेला चिकटला, तर बोक्याने वळून त्याच्या कानाचा लचका तोडला. मग धाकटा पुढे झाला. त्याने धावत येऊन बोक्याच्या पाठीत गुडघा घातला, दोघं केबलच्या सालपटांत पडले, आणि धाकट्याने त्याचं डोकं केस धरून दोनदा फरशीवर आपटलं.

"हे माझ्या दातांचं!" तो ओरडला.

बोक्याला काट्यापाशी फरफटत आणलं. डाव्या हाताला काटेवाला, उजव्या मनगटाला धाकटा, पायांवर दोघं. त्याचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता, तरी तोंड चालूच.

"मी नाही नेलं! मालक, माझ्या चिठ्ठ्या मोजा! तारेला ओवल्यात सगळ्या! एकवीस भेंडोळी घेतली मी, एकवीस!"

"चोर एखादी चिठ्ठी फाडायला विसरेल का रे?" मालक हळू म्हणाले. "दोन वह्या सांगतायत. दोन."

"त्या बाईला मोजायला सांगा!"

बाई त्याच्या जागेवर गेली. मोजायचं म्हणून मोजायचं, एवढंच. भिंतीच्या हुकाला तार होती, तारेत चिठ्ठ्या. मागे काट्यावर आवाज झाला, धप्प आणि लगेच बोक्याची किंकाळी. पहिलं बोट. मालक मोजणीसाठी थांबणाऱ्यांतले नव्हते. बाईने मागे बघितलं नाही. तिने चिठ्ठ्या मोजल्या, एकवीस भरल्या. हातातल्या पानावर भेंडोळं दिल्याच्या बावीस ओळी होत्या. कुठली चिठ्ठी कमी आहे हे ती एक-एक क्रमांक लावून बघायला लागली आणि चारशे बाराला बोट थांबलं.

चारशे अकरा, सकाळी साडेआठ, साठ किलो. चारशे बारा, सकाळी आठ चाळीस, साठ किलो. साठ किलोचं भेंडोळं सोललं की पस्तीस किलो तांबं निघतं. एकाच माणसाला दहा मिनिटांत दोन भेंडोळी? पहिलं सोलून झाल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही, हा गोदामाचा नियम. दोन ओळी एकाखाली एक, तिच्या स्वतःच्या अक्षरात.

आणि बाईला ती सकाळ आठवली. चारशे अकरा घेऊन बोका गेला होता आणि जाताना काहीतरी कुजकं बोलून गेला होता. ती रागाने धुमसत होती. तेवढ्यात पुढचा आला, धाकटाच, खांद्यावर भेंडोळं घेऊन, "ओ फळीबाई, लवकर आटपा, गिऱ्हाईक खोळंबलंय" असं म्हणत दात पडलेलं हसू हसत. ती हसली होती. हसत-हसत नवी चिठ्ठी अडकवली आणि लिहिलं. पण पान बदललं नव्हतं. खुंटीवर बोक्याचंच पान होतं, म्हणून नंबरही तिने बोक्याचाच टाकला. वडिलांच्या हातून तीनदा लिहिताना चूक झाली असती, तर एका वहीने दुसरीला खोटं पाडलं असतं. हिची फळी भलती हुशार! एकच चूक तिन्हीकडे स्वच्छ उमटली आणि दोन्ही वह्या एका सुरात खोटं बोलल्या.

तिने आपल्या खुर्चीपाशी जाऊन धाकट्याचं पान बाहेर काढलं. त्या तारखेला कोरं. चिठ्ठीवर सात नंबर आहे हे धाकट्याने बघितलं होतं आणि तांबं परस्पर विकलं होतं तर! आठवड्यापूर्वी घरी नवा पंखा आला होता. जादा कामाचे पैसे मिळाले, असं तो आईला म्हणाला होता.

तिने मान वर केली. धाकटा तिच्याकडेच बघत होता. बोक्याचं मनगट त्याने दोन्ही हातांनी काट्यावर दाबून धरलं होतं आणि तिच्या हातातली दोन पानं त्याने बघितली होती. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको, ताई.

बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. आणि पुन्हा मिटलं. पस्तीस किलो म्हणजे तीन बोटं. धाकट्याची तीन बोटं! ती पाच वर्षांची असताना ज्याला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडली होती, त्याची. बोका कोण लागतो तिचा? कुणी नाही. मेला शिव्याच देतो.

वजन खाली आलं. काट्याचा काटा शंभरापर्यंत उडाला आणि थरथरत मागे आला. दुसरं बोट. या वेळी बोका किंचाळला नाही, त्याच्या घशातून नुसता वारा आल्यासारखा आवाज निघाला आणि चौथऱ्यावरून रक्ताची धार खाली ठिबकायला लागली.

मालकांनी रुमालाने वजनाची मूठ पुसली आणि ते तिसऱ्यांदा उचललं.

"थांबा!" बाई ओरडली. "चूक माझी आहे! थांबा, ते भेंडोळं त्याचं नाही!"

मालकांचा हात हवेतच राहिला. बाई धावत गेली आणि दोन्ही पानं त्यांच्या समोर धरली. बोलताना तिला धाप लागत होती. "हे बघा, अकरा आणि बारा. दहा मिनिटांत दोन. मी पान बदललं नाही. हे भेंडोळं... हे..."

"कुणाचं?"

तिने धाकट्याकडे बघितलं.

"बाई, कुणाचं?"

"धाकट्याचं."

"ताई, वेड लागलंय का तुला?" धाकटा म्हणाला. मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं.

मालकांनी पहिल्यांदा पानं वरपासून खालपर्यंत वाचली. मग काटेवाल्याला विचारलं. काटेवाला फाटका कान धरून म्हणाला, त्या दिवशी धाकटा कामावर होता, दिवसभर सोलत होता.

"काय सोलत होतास?" मालकांनी मऊ आवाजात विचारलं. "हवा?"

धाकटा पळाला. शटर बंद होतं हे त्याला ठाऊक होतं, तरी पळाला. शटरवर त्याने दोन्ही मुठी आपटल्या, तेवढ्यात मागून एकाने त्याच्या मांडीत पाइप घातला. तो पडला, तसे सगळे तुटून पडले. ज्याचं नाक फुटलं होतं तो तर लाथा मारताना रडत होता. चोर सोडून संन्याशाला धरायला लावलं, याचा राग प्रत्येकाला होता आणि प्रत्येकजण तो पायाने काढत होता. बाई मध्ये घुसली, तर कुणाचा तरी कोपर तिच्या छातीत बसला आणि ती सालपटांत जाऊन पडली.

"माझा हात घ्या!" ती पडल्यापडल्या ओरडली. "मालक, चूक माझी आहे, माझा हात ठेवा काट्यावर!"

"तुझ्या हाताला मी हात लावणार नाही," मालक म्हणाले. "उद्या वह्या कोण लिहील? चूक तुझी, चोरी त्याची." मग ते बोक्याकडे वळले आणि वजन त्याच्यापुढे धरलं. "तुझं देणं लागतो मी. घे. तीन बोटं."

बोका काट्याला टेकून कसाबसा उभा होता. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता, दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. त्याने आधी बाईकडे बघितलं.

"दुसरं बोट जाईपर्यंत गप्प का बसलीस?"

"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

बोक्याने मान डोलावली, जणू उत्तर त्याला पटलं. मग त्याने वजन डाव्या हातात घेतलं.

धाकट्याचा उजवा हात काट्यावर आणला गेला. तो आता ओरडत नव्हता, बाईकडे बघत दातओठ खात होता. "पंख्याखाली तूही झोपतेस ना?" तो म्हणाला. "झोपतेस ना, ताई?"

बोका जन्माचा उजवा. डाव्या हाताला नेम नसतो. पहिला घाव बोटांवर बसलाच नाही, मनगटावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज शटरपर्यंत ऐकू गेला. दुसरा तळव्याच्या मागच्या बाजूला. तिसरा पुन्हा मनगटावर. चौथा घाव कुणी सांगितला नव्हता, तोही बसला. पाचव्याला काटा खिळखिळा होऊन एका बाजूला कलला.

"पुरे," मालक म्हणाले.

बोक्याला ते ऐकूच गेलं नाही. तिघांनी मिळून त्याला मागे ओढलं तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता आणि तो मोठमोठ्याने हुंदके देत होता. वजन त्याच्या हातातून सुटून फरशीवर पडलं. मालकांनी शटर उघडायला सांगितलं आणि सगळ्यांना जेवायला पाठवलं.

बाई धाकट्यापाशी गुडघ्यांवर बसली. मनगट म्हणावं असं तिथे काही उरलंच नव्हतं. खोक्याचा पुठ्ठा तिने टराटरा फाडला, हळूच हाताखाली सरकवला, ओढणी दातांनी उभी फाडून गुंडाळायला लागली. धाकट्याने डोळे उघडले. कोण आहे हे कळलं, तशी त्याने डाव्या हाताची मूठ वळली आणि तिच्या तोंडावर हाणली. तिचा ओठ फुटला. तिने हात थांबवला नाही. रक्त ओढणीवर पडलं, ते दोघांपैकी नेमकं कुणाचं, हे आता सांगता येत नव्हतं.

त्याने पुन्हा मूठ उगारली.

"मार," ती म्हणाली. "पण हा हात हलवू नकोस."

त्याने मारलं. तिने गाठ आवळली.